साहेब, कपाटच रिकामं आहे!

ऑफिसचा एक ग्रुप. बॉसला वगळून केलेला दुसरा. शाळेतल्या मित्रांचा, सोसायटीचा, शिवाय बहिणींनी काढलेला 'कांदेपोहे अपडेट्स'... सकाळच्या फास्ट लोकलमध्ये एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताचा अंगठा काय काय चाळत असतो, बघा एकदा. इन्क्रिमेंट किती मिळालं, इंटरव्ह्यूला गुपचूप कुठे जाऊन आलो, बाबांचे रिपोर्ट काय आले, कुणाचं कुणाशी जुळतंय. आई वाचेल म्हणून साधी डायरी न लिहिणारी आपली पिढी फोनवर मात्र अख्खी कादंबरी लिहून मोकळी होते! आता समजा, उद्या एक सरकारी पत्र मेसेजिंग कंपनीच्या दारात गेलं. 'या नंबरचं जे काही असेल ते द्या.' कंपनी काय देईल?

जे तिच्याकडे असेल ते. एवढं सोपं आहे ते.

२०१६ सालची गोष्ट. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका ग्रँड ज्युरीचं समन्स सिग्नल ॲप बनवणाऱ्या 'ओपन व्हिस्पर सिस्टिम्स'कडे आलं. दोन फोन नंबर, आणि त्यांची हवी असलेली लांबलचक माहिती. त्यातल्या एका नंबरवर सिग्नलचं अकाउंटच नव्हतं. दुसऱ्याबद्दल कंपनीने दोनच गोष्टी कळवल्या: अकाउंट कधी उघडलं आणि ते सर्व्हरशी शेवटचं कधी जोडलं गेलं. बास! वर 'याबद्दल वर्षभर तोंड उघडायचं नाही' असा आदेशही होता. एसीएलयू या संस्थेचे वकील त्यावर भांडले आणि ऑक्टोबरमध्ये ते कागद लोकांसमोर आले. यात कुणी कोर्टाचा अपमान केला नाही की हिरोगिरी केली नाही. कपाट उघडून दाखवलं. आत काही नव्हतं, कारण ठेवलंच नव्हतं.

याच्या अगदी उलटा प्रकार २०२२ मध्ये नेब्रास्कात झाला. एक आई आणि तिची अल्पवयीन मुलगी फेसबुक मेसेंजरवर गर्भपाताच्या गोळ्यांबद्दल बोलल्या होत्या. पोलिसांनी वॉरंट आणलं, फेसबुकने चॅट काढून दिलं. पुढे दोघींना तुरुंगवास झाला. वॉरंट कायदेशीर होतं, कंपनीपुढे फारसा पर्यायही नव्हता. खरी गोम अशी, की मायलेकींचं बोलणं वाचता येईल अशा रूपात कंपनीकडे पडून होतं. मेसेंजरवर एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आपोआप मिळायला लागलं ते २०२३ च्या डिसेंबरपासून.

एंड-टू-एंड म्हणजे काय, तर कुलूप तुमच्या फोनमध्ये लागतं आणि किल्ली फक्त समोरच्याच्या फोनमध्ये असते. मधला सर्व्हर निव्वळ पोस्टमन. व्हॉट्सॲपने हे एप्रिल २०१६ मध्ये सगळ्यांसाठी सुरू केलं. आणि 'आम्ही तर बाबा टेलिग्रामवाले, एकदम सेफ' म्हणणाऱ्यांनी जरा कान इकडे करा. टेलिग्रामची नेहमीची चॅट्स आणि ग्रुप्स त्यांच्याच सर्व्हरवर राहतात. एंड-टू-एंड फक्त 'सीक्रेट चॅट'मध्ये, तेही तुम्ही मुद्दाम सुरू केलं तर. २०२२ मध्येच दिल्ली हायकोर्टात क्लासच्या नोट्स फुकट वाटणाऱ्या चॅनेल्सची केस होती. कोर्टाने फर्मावल्यावर टेलिग्रामने चॅनेल चालवणाऱ्यांची नावं, फोन नंबर आणि आयपी ॲड्रेस देऊन टाकले.

व्हॉट्सॲपचं मात्र जरा मधलंच आहे. मजकूर त्यांना वाचता येत नाही, पण पाकिटावरचं बरंच काही ठाऊक असतं. नंबर, प्रोफाइल फोटो, कॉन्टॅक्ट लिस्ट, कुठल्या ग्रुपमध्ये आहात, शेवटचे कधी ऑनलाइन होतात. रीतसर मागणी आली तर हे जाऊ शकतं. आणि पाकिटही खूप बोलतं हो! रोज रात्री अकराला तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या एचआरशी चॅट करताय एवढं कळलं, तर पुढचं वाचायची गरज कुणाला आहे?

'पण मी कुठे काय लपवतोय?' हे वाक्य कँटीनमध्ये हमखास ऐकू येतं. मला ते कधीच पटलेलं नाही. २०१२ मध्ये आपल्या पालघरला दोन तरुणींना अटक झाली. एकीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं होतं, दुसरीने ते फक्त लाइक केलं होतं. त्यासाठी वापरलेलं ६६-अ कलम सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलं, पण तोवर व्हायचा तो ताप होऊन गेला होता. म्हणजे काय लपवण्यासारखं आहे हे दर वेळी तुम्ही नाही ठरवत.

दुसरी बाजू पोकळ आहे असं मात्र कुणी समजू नये. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. अफवा फोनवरून पसरल्या होत्या. पहिला मेसेज कुणी टाकला, हे पोलिसांनी विचारायचं नाही तर कुणी? त्या वर्षीच्या अशा हत्यांनंतर सरकारच्या या मागणीला जोर आला. २०२१ च्या आयटी नियमांत ती आलीच: ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत भारतीय यूजर असलेल्या मेसेजिंग कंपनीने गंभीर गुन्ह्यात मेसेजचा पहिला कर्ता ओळखून द्यायचा. आदेश कोर्टाचा असेल किंवा सक्षम अधिकाऱ्याचा. म्हणजे दर वेळी न्यायाधीशाची सही लागेलच असं नाही.

अडचण अशी, की उद्या कुठला मेसेज गुन्ह्यात निघेल हे आज कुणालाच माहीत नसतं. त्यामुळे माग काढायचा तर सगळ्यांच्याच मेसेजेसची खूण जपून ठेवावी लागेल, तुमच्या 'जेवलीस का?'ची सुद्धा. रिकामं कपाट भरायला घ्यायचं! व्हॉट्सॲप मे २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टात गेलं आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलाने तिथे सरळ सांगितलं, एन्क्रिप्शन तोडायला लावलंत तर व्हॉट्सॲप भारतातून जाईल. कंपनी काही संत नाही, धंदा करायला बसलीय. पण या मुद्द्यावर मी तिच्या बाजूने आहे. २०१८ च्या जुलैमध्ये तिने भारतात फॉरवर्ड एका वेळी पाच चॅट्सवर आणून ठेवलं. अफवांचा वेग कमी करायला कुणाचं पाकीट फोडावं लागलं नाही.

एवढं सगळं होऊनही २०२० मध्ये मुंबईतल्या ड्रग्ज चौकशीत फिल्मी मंडळींची चॅट्स टीव्हीवर झळकलीच की! 'मग एन्क्रिप्शन गेलं कुठे?' कुठेही नाही. फोनच हातात आला तर कुलूप फोडावं लागत नाही. तसाच गुगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवरचा बॅकअप. त्याला तेव्हा एंड-टू-एंड कुलूप नव्हतं. व्हॉट्सॲपने ते दिलं २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, पण सुरू तुम्हालाच करावं लागतं. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, आणि मग एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. दोन मिनिटांचं काम आहे, लंच ब्रेकमध्ये उरका. पासवर्ड मात्र नीट जपा. फोनही गेला आणि तोही विसरलात, तर कंपनीसुद्धा बॅकअप उघडून देऊ शकत नाही. आणि हो, हे तुमच्या फोनपुरतं झालं. बॉसला वगळून केलेल्या त्या ग्रुपमध्ये बाकीचे अकरा जण आहेत, त्यांनाही आजच सांगा.