आजोबांची गोळी आजीला चालेल?

दोस्तांनो, पावसाळ्यात डेंगीची साथ आली, की आपल्या कोथरूडमध्ये कर्वे पुतळ्यापासून डहाणूकर कॉलनीपर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो, ‘प्लेटलेट किती आल्या?’ पण या प्लेटलेट म्हणजे काय, ठाऊक आहे?

खेळताना गुडघा फुटतो, रक्त येतं आणि थोड्या वेळानं थांबतं. ही कमाल प्लेटलेटची! रक्तातले हे चिमुकले कण. एका घन मिलिमीटर रक्तात ते दीड ते साडेचार लाख असतात. जखम झाली, की एकमेकांना चिकटून ते भोक बुजवतात.

पण कधीकधी हाच चिकटपणा अंगाशी येतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली, तर झटका येतो. म्हणून डॉक्टर काही जणांना ॲस्पिरिनची छोटी गोळी देतात. तिच्यामुळे प्लेटलेट सहजासहजी चिकटत नाहीत.

आता गंमत ऐका. अमेरिकेत सुमारे २२ हजार निरोगी डॉक्टरांवर ही गोळी तपासून पाहिली. निम्म्यांना ॲस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. १९८९ साली निकाल आला: ॲस्पिरिनवाल्यांत हृदयविकाराचे झटके ४४ टक्क्यांनी कमी! मात्र हे सगळे डॉक्टर पुरुष होते. एकही बाई नाही!

मग बायकांचं काय? उत्तर यायला २००५ साल उजाडलं. जवळजवळ ४० हजार निरोगी स्त्रियांना दहा वर्षं तपासलं. निकाल वेगळाच लागला! हृदयविकाराचे झटके एकंदरीत फारसे कमी झाले नाहीत. मेंदूचे झटके मात्र १७ टक्क्यांनी कमी झाले.

असं का बरं? स्त्रियांच्या रक्तात प्लेटलेट सरासरीनं थोड्या जास्त असतात, आणि त्या चटकन चिकटतात. पण सगळा फरक एवढ्यामुळेच पडतो का, याचा शोध अजून चालू आहे.

एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर ॲस्पिरिन स्त्री-पुरुष दोघांनाही उपयोगी पडते. पण तिच्यामुळे रक्तस्राव होण्याचा धोकाही वाढतो. तेव्हा ‘यांना लागू पडली, मीही घेते’ असं आजी म्हणाली, तर तिला थांबवा आणि डॉक्टरांना विचारायला सांगा. आणि डेंगीच्या तापात ॲस्पिरिन मुळीच घ्यायची नाही, बरं का!

‘सगळ्यांना गुणकारी’ असं कुठे वाचलंत, तर एक प्रश्न जरूर विचारा: या ‘सगळ्यां’मध्ये मुली होत्या का?