लॉग ठेवा, पण बेतानं!



२९ सप्टेंबर २०१० ला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. आज शिष्यवृत्तीपासून संचमान्यतेपर्यंत तो बारा अंकी क्रमांक आपल्या मागे असतोच. पडताळणी झाली की मध्यवर्ती सर्व्हर ‘जुळलं’ किंवा ‘नाही जुळलं’ एवढंच सांगतो. पण कोणी, केव्हा विचारलं, याची नोंदही तिथे राहते. ही नोंद म्हणजे लॉग.

ती किती दिवस ठेवायची? आधी सहा महिने आणि त्यापुढे पाच वर्षं जपून ठेवायचा नियम होता. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात तो रद्द केला आणि सहा महिन्यांची मर्यादा घातली. मला हा निकाल योग्यच वाटतो. माणूस कुठे कुठे गेला याचा वर्षानुवर्षांचा माग सरकारकडे कशाला हवा?

शाळेच्या लॅबमध्येही हाच प्रश्न येतो. सगळ्या मुलांची नावं आणि पासवर्ड एका लिनक्स सर्व्हरवर ठेवायचे, तर ओपनएलडीएपीसारखा डिरेक्टरी सर्व्हर लागतो. त्यात ‘लॉगलेव्हल’ नावाची सेटिंग असते. ती ‘एनी’ ठेवली तर बारीकसारीक सगळंच लिहिलं जातं. तास सुरू होताना चाळीस मुलं एकदम लॉगिन करतात, तेव्हा सर्व्हर लिहिण्यातच अडकतो आणि डिस्कही भरत जाते. काहीच लिहिलं नाही, तर कोण कोणाचा पासवर्ड लावून बघतंय ते कळणार नाही. म्हणून ‘स्टॅट्स’ बरी: कोण जोडलं गेलं, काय मागितलं, निकाल काय, एवढंच. हा लॉग वेगळ्या फाइलमध्ये घ्या, ‘लॉगरोटेट’ने दर आठवड्याला नवी फाइल सुरू करा आणि जुन्या मुदतीनंतर आपोआप पुसल्या जाऊ द्या. वाचायची परवानगी एक-दोघांनाच ठेवा.

यात नवीन काही नाही. आवक-जावक नोंदवहीत आपण पत्राचा क्रमांक, तारीख आणि विषय लिहितो, आख्खं पत्र उतरवत नाही. ‘ड’ वर्गाचे कागद मुदत संपली की नष्टही करतो.

नोंद मुलांच्या रक्षणासाठी असते, त्यांच्यावर पाळत ठेवायला नाही. पालकहो, आधारच्या संकेतस्थळावर मोबाइलवरच्या ओटीपीने गेल्या सहा महिन्यांतल्या पडताळण्या दिसतात. आज मुलांसोबत बसून एकदा बघाच. आपली नोंद बघायचा हक्क आपलाही आहे, हे त्यांना तिथेच समजेल.