अचूक अस्त्रांची अनिश्चितता

९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि काही मिनिटांतच पाकिस्तानातील मियां चन्नू या गावाजवळ कोसळले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. दोन दिवसांनी भारताने चूक मान्य केली, चौकशीअंती ऑगस्टमध्ये हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले आणि प्रकरण मिटले. परंतु त्या दिवशी सीमेवर शांतता नसती, तर ते इतक्या सहजी मिटले असते काय?

पारंपरिक क्षेपणास्त्रे वेगवान व अचूक झाली की अण्वस्त्रांची गरज ओसरेल, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. नेमक्या इमारतीवर आघात करता येत असेल, तर शहर बेचिराख करण्याची धमकी देण्याचे प्रयोजन उरत नाही. परंतु वस्तू स्वस्त झाली की तिचा वापर वाढतो, हा अर्थशास्त्राचा साधा नियम येथेही लागू पडतो. या अस्त्रांनी युद्धाची पहिली पायरी स्वस्त केली. शेवटच्या पायरीची किंमत मात्र तसूभरही उतरलेली नाही.

पहलगामच्या हत्याकांडाला प्रत्युत्तर देण्याचा भारताचा अधिकार हा येथे वादाचा विषय नाही. प्रश्न आहे तो पुढच्या पायऱ्यांचा. ७ मे २०२५ रोजी दहशतवाद्यांच्या नऊ ठिकाणांवरील हल्ल्यांनी सुरू झालेला संघर्ष १० मे रोजी रावळपिंडीनजीकच्या नूर खान हवाई तळापर्यंत पोहोचला. येणाऱ्या ब्राह्मोसवर अण्वस्त्र आहे की नाही हे ठरवण्यास आपल्याला जेमतेम तीस ते पंचेचाळीस सेकंद मिळाले, असे पाकिस्तानच्या पंतप्रधानांचे सल्लागार राणा सनाउल्ला यांनी नंतर सांगितले. या विधानात राजकीय अतिशयोक्ती असेलही. त्यातील अडचण मात्र खरी आहे. पाकिस्तानचे बाबर क्षेपणास्त्र भारताच्या दिशेने निघाले, तर दिल्लीपुढेही हाच पेच उभा राहील. कारण ते दोन्ही प्रकारची स्फोटके वाहू शकते, असे पाकिस्तानच सांगतो. अस्त्र सोडणाऱ्याचा हेतू कितीही मर्यादित असो, ते ज्याच्यावर येते त्याला हेतू दिसत नाही. दिसतो तो केवळ रडारवरील ठिपका. अण्वस्त्रांचा धाक टिकतो तो प्रतिपक्षाला विचार करण्यास अवधी मिळतो म्हणून. तो अवधीच नवी अस्त्रे हिरावून घेत आहेत.

उभय देशांतील करार या बदलाच्या मागे पडले आहेत. चाचणीची पूर्वसूचना देण्याचा २००५ चा करार बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता होता. ब्राह्मोस आणि बाबर ही क्रूझ क्षेपणास्त्रे त्याबाहेर राहिली. अपघाताची तातडीने खबर देण्याचा २००७ चा करार अण्वस्त्रांपुरता होता. म्हणून मियां चन्नूची घटना त्यातही बसली नाही. क्रूझ क्षेपणास्त्रांचा अंतर्भाव, कोणतेही अस्त्र चुकून सुटल्यास तत्काळ कळवण्याचे बंधन आणि अण्वस्त्रवाहू व पारंपरिक क्षेपणास्त्रांचे तळ वेगळे ठेवण्याचा संकेत, एवढे तरी साधले पाहिजे.

शत्रूशी असे करार करणे म्हणजे दुर्बलता, असे म्हणणारे पुष्कळ निघतील. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की १९८८ च्या करारानुसार अणुप्रकल्पांच्या याद्या दर १ जानेवारीला परस्परांना देण्याची प्रथा १९९२ पासून चालत आली आहे. कारगिलच्या युद्धानेही ती मोडली नाही आणि तिच्यामुळे भारत दुबळाही झाला नाही.