विश्लेषण : मूत्रपिंडाचा कर्करोग रक्तचाचणीत कळेल का?

पित्ताशयातील खड्यासाठी सोनोग्राफी करायला गेलेल्या रुग्णाला अचानक मूत्रपिंडावर गाठ असल्याचे कळते. या कर्करोगाचे निदान आज अनेकदा असे योगायोगानेच होते. लघवीतून रक्त, कुशीत दुखणे आणि हाताला लागणारी गाठ ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. प्रोस्टेटसाठी ‘पीएसए’ आहे. मूत्रपिंडासाठी तशी रुळलेली रक्तचाचणी नाही. ‘किम-१’ या प्रथिनाकडे म्हणूनच आशेने पाहिले जाते.

‘किम-१’ काय सांगते?

मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांना इजा झाली की तेथील पेशींवर हे प्रथिन वाढते. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे सर्वाधिक आढळणारे प्रकारही याच नलिकांच्या पेशींतून निर्माण होतात. युरोपातील ‘एपिक’ प्रकल्पात वर्षानुवर्षे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे कर्करोग झालेल्यांच्या, निदानाआधी पाच वर्षांपर्यंतच्या रक्तातही किम-१ वाढलेले आढळले.

मग सर्वांचीच चाचणी का नको?

कारण मधुमेहामुळे किंवा काही औषधांमुळे मूत्रपिंडाला इजा झाली, तरीही किम-१ वाढते. समजा, चाचणीने १०० निरोगी माणसांपैकी पाचजणांना चुकून संशयित ठरवले. दहा हजारांमागे सुमारे ५०० जण सीटी स्कॅनच्या रांगेत उभे राहतील आणि खरे रुग्ण बोटांवर मोजण्याइतके निघतील. मधुमेह घरोघरी असलेल्या आपल्याकडे तर हा गोंधळ वाढेलच. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात ट्यूमर मार्कर घुसवणाऱ्यांच्या हाती ही चाचणी इतक्यात न गेलेली बरी.

खरा उपयोग कुठे?

शस्त्रक्रियेनंतर. गाठ काढलेल्यांपैकी कोणाचा आजार उलटेल, हे आधी सांगणे कठीण असते. तो उलटू नये म्हणून दिली जाणारी इम्युनोथेरपी महागडी आहे. शिवाय थायरॉइडपासून आतड्यांपर्यंत तिचे दुष्परिणाम होऊ शकतात. ज्याला गरजच नाही, त्याने हे का सोसावे? ‘आयमोशन-०१०’ या चाचणीत अटेझोलिझुमॅब हे औषध सर्व रुग्णांचा एकत्रित विचार करता निष्प्रभ ठरले होते. नंतर रक्तनमुने तपासले, तेव्हा किम-१ जास्त असलेल्या गटात मात्र लाभाची चिन्हे दिसली. अर्थात, निकालानंतर केलेल्या अशा विभागणीवर उपचार ठरवता येत नाहीत. किम-१ पाहून आधी रुग्ण निवडायचे आणि मग औषध द्यायचे, अशी स्वतंत्र चाचणी व्हायला हवी. तोवर शस्त्रक्रिया झालेल्यांनी पाठपुराव्याच्या सीटी स्कॅनच्या तारखा चुकवू नयेत.