कुळागर आणि डोंगर



दरवर्षी २४ जूनला, संत योहान बाप्तिस्ताच्या सणास, आपल्या गोव्यातील तरुण माथ्यावर पानाफुलांची कोपेलां घालून भरलेल्या विहिरींत उड्या घेतात. त्या सांजांवच्या उल्हासात विहीर कोठून भरली, असे कोणी विचारीत नाही. तो प्रश्न वैशाखात पडतो. गेल्या वैशाखात फोंडा तालुक्यातील एक गृहस्थ असाच एक प्रश्न घेऊन मजकडे आले.

ते म्हणाले, "कुळागर वाडवडिलांचे आहे, ते मी विकणार नाही. पण वरच्या उतारावर ना पोफळ ना माड, नुसते रान. त्याला गिऱ्हाईक आले आहे. थोरल्याच्या शिक्षणाची सोय होईल. तेवढेच दिले, तर कुळागराचे काय बिघडेल?"

प्रश्न प्रामाणिक होता आणि गरज खरी होती. म्हणूनच त्याचा विचार आपण सर्वांनी करावयास हवा.

सावईवेरे, केरी या बाजूस ज्याने कुळागर पाहिले आहे, त्यास ठाऊक आहे की ती एका पिकाची बाग नव्हे. वर माड व पोफळी, त्यांच्या अंगाखांद्यावर मिरवेल, मध्ये फणस, भिरंड व जायफळ, खाली केळी, अननस आणि हळद. यांतील जायफळ दूरच्या मोलुक्का बेटांकडचे आणि अननस अमेरिकेतला; मिरी मात्र आपल्याच सह्याद्रीची लेक. परक्यांना सामावून घेऊनही घरच्यांना न हाकलणारे असे हे कुटुंब आहे. येथे पाने कुजून खत होतात, पक्षी किडी टिपतात, बारीकसारीक कीटक जायफळाच्या फुलांत पराग पोहोचवितात.

पण या कुटुंबाची चूल कोठे पेटते? ती वरच्या डोंगरात. गोव्यात वर्षाकाठी सुमारे १२० इंच पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत. रानातील पालापाचोळा त्या पाण्याचा वेग मोडतो, मुळे त्यास जमिनीत वाट देतात, आणि सच्छिद्र जांभा दगड ते साठवून ठेवतो. तेच पाणी पुढे महिनोन् महिने झरीतून पाझरते व पाटाने पोफळीच्या मुळाशी येते. उतार खरवडला की पाऊस तितकाच पडतो. मात्र तो माती घेऊन ओहोळाला जातो, आणि उन्हाळ्यात झर मुकी होते. तेव्हा "नुसते रान" विकणे म्हणजे घर ठेवून विहीर विकणे होय.

कोणी म्हणेल, डोंगर उजाड झाला तर पुन्हा झाडे लावू. अवश्य लावावीत. परंतु एकाच जातीच्या ओळी म्हणजे रान नव्हे. आपल्या अनेक डोंगरांवर ऑस्ट्रेलियन अ‍ॅकेशिया लावलेला आहे. तो लौकर वाढतो, दिसतोही हिरवा. पण वड, उंबर वा जांभूळ जितक्या जिवांना अन्न देतात, तितक्यांना तो देत नाही. धनेश पक्ष्याचेच पाहा. त्याला झाडात ढोल कोरता येत नाही; जुन्या वृक्षाची आयती ढोल लागते. मादी आत बसून तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि नर त्या फटीतून तिला व पिलांना फळे भरवितो. फळांच्या बिया तो दूरवर टाकतो, व तेथे नवे रान उगवते. ज्या पोकळ वृक्षास आपण निरुपयोगी म्हणून तोडतो, तोच एखाद्या कुटुंबाचे घर आणि उद्याच्या रानाचे बी असतो.

आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडूनही येथे शिकण्याजोगे आहे. सत्तरीतील बांबर येथे निरंकाराची राय आहे. त्या दलदलीत जायफळाच्या कुळातील रानवृक्ष उभे असून त्यांची मुळे श्वासासाठी गुडघ्यांप्रमाणे चिखलाबाहेर येतात. लोकांनी भक्तिभावाने कुऱ्हाड आवरली, म्हणून हे दुर्मिळ रान आजवर टिकले.

आपल्या धर्मपरंपरेतही ही शिकवण कमी नाही. उत्पत्तीच्या पुस्तकानुसार परमेश्वराने मानवास बागेत ठेवले ते मशागतीसाठी, तसेच राखणीसाठीही. असिसीच्या संत फ्रान्सिस यांना पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ साली पर्यावरणाचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. या संतांनी मठाच्या बागेचा एक भाग नांगराविना ठेवावयास सांगितले होते, की तेथे रानफुले व वनौषधी आपोआप वाढाव्यात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात त्याची आवर्जून आठवण दिली आहे.

तोच कित्ता आपण गिरवू या. अंगण सारेच सिमेंटने लिंपू नये. एक कोपरा मोकळा सोडावा. पाला जाळू नये, झाडांच्या बुंध्याशी घालावा. जुना वृक्ष धोकादायक नसेल तर राखावा. नवे झाड लावताना भिरंड, जांभूळ, उंबर, किंदळ यांना आधी मान द्यावा. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये पंचायतीच्या समितीने लोकांची नोंदवही करावयाची असते. आपल्या आजीबाईंना ठाऊक असलेल्या रानभाज्या व औषधी तीत लिहवून घ्याव्यात. तसेच नगरनियोजन कायद्याचे कलम १७अ परवानगीवाचून डोंगर कापण्यास मनाई करते, हेही ध्यानी असावे. ग्रामसभेत डोंगराचा विषय निघेल त्या दिवशी घरी बसू नये.

त्या गृहस्थांस मी एवढेच म्हटले, "मुलाचे शिक्षण झालेच पाहिजे. विकणे अगदी भाग पडले, तर रस्त्याकडील तुकड्याचा विचार करा. झरीच्या माथ्यावरील रान मात्र राखा. त्यातला वाटा केवळ तुमचा नाही, तुमच्या नातवाचाही आहे." ते काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "थोरल्याला एकदा झर दाखवून आणतो. त्याने ती उगमापाशी पाहिलेलीच नाही."

ऑगस्टात आपण नवी कणसे वेदीपाशी नेऊन परमेश्वराचे आभार मानतो. यंदा तेथे जाण्यापूर्वी प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांनी आपल्या मुलांस पाण्याचा उगम दाखवून आणावा. म्हणजे ते आभार अधिक खरे होतील.