स्प्रिंग कापणाऱ्यांनो, आधी हिशोब करा

मंडळी, आजचा विषय बघून काही जण म्हणतील, "बाई, तुमचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झाले, आयुष्यभर शाळेत व्याकरण शिकवलं, आणि गाडीच्या स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. पण मी मागच्या सीटवर बसते. सस्पेन्शन कसं आहे हे चालवणाऱ्याच्या आधी मागे बसणाऱ्याच्या मणक्याला कळतं. तेव्हा बोलण्याचा हक्क मी काही सोडणार नाही.

तर सांगायचा मुद्दा असा. तरुण मंडळींमध्ये गाडी "खाली घेण्याची" हौस आहे. चाकाच्या वरची कमान आणि टायर यांच्यात बोटभर फट राहिली की गाडी म्हणे रुबाबदार दिसते. माझ्या थोरल्या बहिणीच्या नातवाने हेच केलं. एका गॅरेजमध्ये कटर लावून चारही स्प्रिंगचे वेढे कापून घेतले. आता चार माणसं बसली आणि गतिरोधक आला की खालून "धाड्" असा आवाज येतो. हा धाड् कसा थांबवायचा हे तो सगळ्यांना विचारत फिरतोय, आणि जो तो नवीन वस्तू विकत घ्यायला सांगतोय. माझं उत्तर फुकट आहे. जी जागा कापून टाकली ती परत आण. दुसरा खरा उपाय नाही.

आधी दोन दुखणी वेगळी करू, कारण लोक त्यांची गल्लत करतात. पहिलं म्हणजे गाडीचा तळ रस्त्याला घासणं. त्यात इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर फुटतं, सायलेन्सर ठेचतो. दुसरं म्हणजे चाकाला वर सरकायची जागा संपणं. चाक वर येतं, स्प्रिंग दबते, आणि शेवटी ते बंप स्टॉपच्या रबरावर जाऊन आदळतं. मग धक्का स्प्रिंगमध्ये न जिरता थेट गाडीच्या सांगाड्यात आणि तिथून माणसात जातो. गाडी खाली घेतली की दोन्ही दुखणी एकदम मागे लागतात.

आता हिशोब. स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूकने १६७८ साली छापला. जितकं दाबाल तितक्या प्रमाणात ती उलट रेटते. यातून पुढचं गणित निघतं की स्प्रिंग किती धक्का पोटात घेईल हे तिचा कडकपणा आणि दबण्याच्या अंतराचा वर्ग यांच्यावर ठरतं. वर्ग, हे ध्यानात ठेवा. समजा मूळ गाडीत चाकाला वर सरकायला ८ सेंटीमीटर जागा होती आणि आपण गाडी ४ सेंटीमीटर खाली आणली. जागा निम्मी झाली, पण धक्का जिरवण्याची ताकद पावपट झाली. ती भरून काढायला स्प्रिंग चौपट कडक हवी.

कापलेली स्प्रिंग कडक होते हे खरं आहे. पण किती? काम करणारे ६ वेढे होते, त्यातला १ कापला, तर कडकपणा सहा-पंचमांश, म्हणजे २० टक्के जास्त. हवा होता ४०० टक्के, मिळाला १२० टक्के. म्हणजे जिथे शंभर पचत होते तिथे आता तीस पचतात. उरलेले सत्तर कुठे जातात? मागच्या सीटवर!

शिवाय कापलेली स्प्रिंग आखूड असते. चाक खड्ड्यात लोंबलं की ती आपल्या बैठकीतून सैल होते, कधी सरकतेही.

यावर लोक जे तोडगे सुचवतात त्यांना मी आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणते. पहिला तोडगा म्हणजे दोन वेढ्यांमध्ये घुसवायचा रबराचा स्प्रिंग बफर. त्याने होतं काय, तर तेवढे वेढे काम करायचे थांबतात. गाडी थोडी उचलल्यासारखी वाटते, पण धक्का शॉकअपच्या वरच्या माउंटवर जातो आणि सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर येतो. दुसरा तोडगा, शॉकअप जास्त कडक टाका. शॉकअप हालचाल मंदावतो, जागा निर्माण करत नाही. उलट फार कडक असला तर एकामागून एक धक्के आल्यावर चाक वेळेत खाली परतत नाही आणि गाडी आणखी खाली बसत जाते. तिसरा तोडगा तर भयंकर. रबरावर आदळतंय ना, मग बंप स्टॉपच काढून टाका! म्हणजे लोखंडावर लोखंड.

"आजी, रेसच्या गाड्या खालीच असतात. वळणावर चिकटून चालतात," असं नातवाने मला ऐकवलं. बरोबर आहे. गुरुत्वमध्य खाली गेला की वळणावर गाडी कमी कलते. पण त्या गाड्या गुळगुळीत ट्रॅकवर धावतात आणि त्यांची स्प्रिंग, शॉकअप, स्टॉप सगळं एकमेकांशी जुळवून बनवलेलं असतं. कापलेल्या स्प्रिंगची गाडी ऐन वळणात बंप स्टॉपवर टेकली तर त्या चाकावरचा भार एकदम वाढतो आणि पकड अचानक सुटू शकते. चिकटणं राहिलं बाजूला.

दुसरा युक्तिवाद असतो, दोष रस्त्याचा आहे. अर्धा मान्य. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमावलीत गोलाकार गतिरोधकाचं माप दिलंय. उंची १० सेंटीमीटर, रुंदी ३.७ मीटर, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. यातली रुंदी फार शहाणपणाची आहे. छोट्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण २.४ मीटर अंतर असतं. अशी गाडी या गतिरोधकाच्या मधोमध आली की चारही चाकं त्याच्याच उतारावर सुमारे ६ सेंटीमीटर उंच असतात. म्हणजे पोटाखालचे फक्त ४ सेंटीमीटर खर्च होतात. कागदावर काढून बघा.

आता आपल्या खोपटच्या गल्ल्यांमधले, सोसायट्यांच्या गेटांवरचे गतिरोधक आठवा. हात-दीड हात रुंद आणि वीतभर उंच! चाकं दोन्ही बाजूंना जमिनीवर आणि मधला उंचवटा सगळाच्या सगळा पोटाला. असले उंचवटे घालणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच हवी, आणि त्यासाठी अर्ज लिहायला मी नातवाच्या आधी बसेन. पण रस्ता वाईट आहे हे कारण गाडी खाली घेण्याच्या विरोधातलं आहे. पाऊस आहे म्हणून छत्री फाडणाऱ्याला आपण काय म्हणतो? आमच्या इथल्या डेपोतून निघणाऱ्या एसटीकडे बघा. पाट्यांवर चालणारी ती बाई दिसायला देखणी नसेल, पण गावोगावचे रस्ते तुडवते. कारण तिचा तळ उंच ठेवलाय.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरून सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी निकाल दिला की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळी होईल अशी गाडी बदलता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. कटर चालवणारा हे सांगत बसत नाही. गाडी तुमच्या नावावर असते, त्याच्या नाही.

मग करायचं काय? कंपनीच्या मूळ मापाच्या नव्या स्प्रिंग टाकायच्या, कारण कापलेली सांधता येत नाही. शॉकअप गळतोय का ते बघायचं, बंप स्टॉपची रबरं फाटली असतील तर तीही बदलायची. सामान आणि माणसं गाडीच्या क्षमतेइतकीच घ्यायची. गतिरोधकाच्या आधी ब्रेक लावायचा आणि चाक चढायच्या क्षणी सोडायचा, कारण ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली गेलेलं असतं आणि पुढच्या स्प्रिंगची जागा आधीच खर्च झालेली असते. हे शेवटचं कुठल्याही गाडीला लागू आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

आता मी एवढी का पेटलेय ते सांगते. माझी थोरली बहीण ७८ वर्षांची आहे आणि तिची हाडं ठिसूळ झालीत. अशा माणसाच्या मणक्याला एका जोरदार उभ्या धक्क्याने फ्रॅक्चर होऊ शकतं. नातवाचं आजीवर प्रेम आहे, दवाखान्यात नेतो तोच. आणि नेतो त्याच गाडीतून. गेल्या खेपेला शिळफाट्याच्या रस्त्याने येताना ती पूर्ण वेळ दोन्ही हातांवर भार देऊन सीटपासून किंचित उचलून बसली होती. तक्रार केली नाही, कारण नातवाची हौस मोडायची नव्हती.

तिने नाही केली म्हणून मी करतेय. बाळा, हे तू वाचशील आणि रागावशील, चालेल. पण पुढच्या महिन्याच्या तपासणीच्या आधी स्प्रिंग बदलून घे. नाहीतर तिला मी रिक्षाने नेईन.

बाकीच्यांनी आपापल्या घरातल्या हौशी चालकांना हे वाचून दाखवा. गणितात चूक सापडली तर जरूर कळवा.