दिसण्याचे अंतर

मुंबईच्या उंच इमारतींची रेषा जिथवर दिसते तिथवर महानगर आणि तिच्यापलीकडे ग्रामीण, अशी एक अलिखित वाटणी मराठी समीक्षेने गृहीत धरली आहे. आम्हांस ती अमान्य आहे. तिचा फोलपणा दाखवायला पनवेल तालुक्यातले आपटा हे गाव पुरेसे आहे.

आपट्यापासून लोअर परळ सरळ रेषेत सुमारे ३५ किलोमीटर. तिथला ‘वर्ल्ड वन’ मनोरा २८० मीटर उंच. उंचीच्या मीटरांचे वर्गमूळ ३.५७ ने गुणले की क्षितिजाचे अंतर किलोमीटरांत मिळते. या हिशेबाने मनोऱ्याचे टोक ६० किलोमीटरांवरूनही दिसायला हवे. आपट्यातून ते दिसत नाही, कारण आड कर्नाळ्याचे डोंगर आहेत. कर्नाळा किल्ल्यावर, ४०० मीटरांहून अधिक उंचीवर गेले की डोंगराची आड संपते आणि प्रश्न उरतो हवेचा. हिवाळ्यातल्या धुरक्यात सारे पुसट होते, पावसाने धुतलेल्या दिवशी स्पष्ट होते. एका चढणीने ओलांडली जाणारी, ऋतूगणिक सरकणारी ही रेषा वाङ्मयप्रकारांची सीमा कशी ठरेल?

आमचा मुख्य आक्षेप पुढेच आहे. प्रकाशाला दोन्ही दिशा सारख्या. किल्ल्यावरून मनोरा दिसत असेल, तर मनोऱ्यावरून किल्लाही दिसतो. आपल्या अध्यापनात मात्र गाव शहराकडे पाहते. शहर गावाकडे पाहते ते सोयीपुरते. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) या चित्रपटाचा अखेरचा रेल्वेप्रसंग आपटा स्थानकावर चित्रित झाला. पडद्यावर ते पंजाबातले स्थानक ठरले. कॅमेऱ्याला फलाट दिसला, गाव दिसले नाही. चित्रपटाला ही मुभा असते. समीक्षेने ती का घ्यावी?

‘ग्रामीण’, ‘महानगरी’ ही केवळ शिकवण्याच्या सोयीची नावे आहेत, असे कोणी म्हणेल. परंतु हीच नावे प्रश्नपत्रिकेत उतरतात आणि विद्यार्थी त्यांच्या साच्यात लिहू लागतो. शेजारच्या रसायनीचे नावच कारखान्यांनी घडवले. त्या पट्ट्यात भातशेती आहे, औद्योगिक वसाहत आहे, पनवेलकडे रोज जाणारी माणसेही आहेत. तिथला एखादा विद्यार्थी उद्या कथा लिहील, तेव्हा आपण त्याला कोणत्या कप्प्यात बसवणार? कोणत्याही कप्प्यात बसवले, तरी त्याचे अर्धे जगणे बाहेर राहील.

म्हणून ‘ही कलाकृती ग्रामीण की महानगरी?’ हा प्रश्न विचारणे आपण थांबवावे. ‘ती कुठून पाहते, आणि तिथून तिला काय दिसत नाही?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर तयार टिपणांत सापडणार नाही. त्यासाठी पुस्तक वाचावेच लागेल.